कम्युनिटी मेमरी

अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यात बर्कली येथे ऑगस्ट १९७३ मध्ये सुरू झालेला सार्वजनिक संगणकीय सूचनाफलक. एफ्रम लिपकिन, ली फेल्सेनस्टाइन, ज्यूड मिल्हॉन, मार्क श्पाकोव्स्की आदी कार्यकर्त्यांनी तो उभारला. संगणक तेव्हा कंपन्या, विद्यापीठे आणि लष्कर यांच्या ताब्यात असे. व्हिएतनाम युद्धाच्या त्या दिवसांत बर्कलीतील तरुण त्याच्याकडे सरकारी हत्यार म्हणूनच पाहत.

मुख्य यंत्र, एसडीएस ९४०, खाडीपलीकडे सॅन फ्रान्सिस्कोत ‘रिसोर्स वन’ या गटाकडे होते. ते ट्रान्सअमेरिका कंपनीकडून मिळाले होते. बर्कलीत ‘लिओपोल्ड्स रेकॉर्ड्स’ या गाण्यांच्या तबकड्यांच्या दुकानात, जिन्याच्या वरच्या टोकाला, वादकांच्या कागदी सूचनाफलकाशेजारी टेलिटाइप (तारेने संदेश धाडणारे-छापणारे टंकयंत्र) मांडला होता. या दोन यंत्रांना जोडणारी टेलिफोनची तार सेकंदाला जेमतेम दहा अक्षरे वाहून नेई. टेलिटाइपचा खडखडाट दुकानभर घुमू नये म्हणून त्यावर पुठ्ठ्याचे खोके चढवले होते. हात आत घालायला त्याला भोके ठेवली होती.

शेजारी एक कार्यकर्ता बसे आणि जिना चढून आलेल्याला यंत्र वापरून पाहण्याचा आग्रह करी. उपक्रमाचे यश तंत्राइतकेच या माणसाचेही मानावे लागते. लोक बिचकतील, कदाचित चिडतीलही, अशी कार्यकर्त्यांची धास्ती होती. प्रत्यक्षात ते हौसेने पुढे आले. शिकायच्या आज्ञा मुख्यतः दोनच: नोंद घालायला ‘अॅड’, शोधायला ‘फाइंड’. कोणत्या शब्दाखाली आपली नोंद सापडावी, हे लिहिणाराच ठरवी. मधे संपादक नव्हता, आणि ही बाब त्या काळाच्या मानाने धाडसाचीच.

वादकांना साथीदार मिळाले, जागा नि वाहने शोधली गेली. चांगले बेगल (कड्यासारखा ज्यू पाव) कुठे मिळतात, या प्रश्नाला दुकानांच्या पत्त्यांबरोबर ते भाजायला शिकवण्याची तयारीही कुणीतरी कळवली. ‘डॉक्टर बेनवे’ हे विल्यम बरोज यांच्या कादंबरीतले नाव घेऊन एकजण तऱ्हेवाईक मजकूर टाकत राही. संगणकीय फलकावर टोपणनावाने लिहिण्याची हौस इतकी जुनी आहे.

हा पहिला प्रयोग १९७५ च्या सुमारास थांबला. फेल्सेनस्टाइन यांनी पुढे ‘ऑस्बोर्न १’ (१९८१) या उचलून नेता येणाऱ्या संगणकाची रचना केली. १९८० च्या दशकात बर्कलीत कम्युनिटी मेमरीची नाणी टाकून चालणारी केंद्रे निघाली. तेथे वाचन फुकट, मत नोंदवायला २५ सेंट आणि नवा विषय काढायला एक डॉलर पडे. १९९२ मध्ये ती बंद झाली.