सुपारीचा बटवा

चीनमध्ये धंद्यासाठी जाणाऱ्यांना व्हिजिटिंग कार्ड दोन्ही हातांनी द्यायला शिकवतात. १७९३ साली इंग्रजांचा वकील मॅकार्टनी व्यापाराच्या सवलती मागायला चिएनलुंग बादशहाकडे गेला, तेव्हा वाद होता गुडघ्यांचा! ३ वेळा गुडघे टेकून ९ वेळा कपाळ जमिनीला लावायचं, ही दरबारी रीत. आपण एकच गुडघा टेकला, असं मॅकार्टनी लिहितो. सवलती मिळाल्या नाहीतच. (दोन्ही टेकून मिळाल्या असत्या, असंही मला वाटत नाही.)

सोबत १२ वर्षांचा जॉर्ज स्टॉन्टन होता, प्रवासात चिनी शिकलेला. तो चिनीत चार शब्द बोलला आणि ऐंशी ओलांडलेल्या बादशहाने खूश होऊन कमरेचा सुपारीचा बटवाच त्याला दिला!

पुढे १८१० मध्ये त्याने चिनी कायदा इंग्रजीत आणला. आणि १८४० मध्ये पार्लमेंटात चीनवरच्या अफूच्या युद्धाची बाजू घेतली, तीही ह्याच स्टॉन्टनने.