'निवाडा' वाचून केस संपली असं समजू नका

बोईसरहून बोलतोय. मध्येच डहाणू लोकलचा हॉर्न ऐकू आला तर सांभाळून घ्या.

दिवाळीत पालघरला मामाकडे गेलो होतो. त्याने प्लॅस्टिकच्या पिशवीतून एक जुना कागद काढला. "तू बीटेक ना, वाच बघू." वर ठळक अक्षरात 'निवाडा'. मी लगेच म्हटलं, "मामा, हा कोर्टाचा निकाल आहे, विषय संपला." मामा म्हणाला, "कोर्टाची पायरी तर मी कधी चढलोच नाही!"

मग मी खोदायला लागलो.

निवाडा हा 'निवडणे'च्या घरातला शब्द. तांदळातले खडे निवडतो ना, तसं खरं-खोटं वेगळं करणं. मराठेशाहीत बांधाचा किंवा पाटीलकीचा वाद गोतसभेपुढे जायचा. दोन्ही बाजू आपापली तकरीर द्यायच्या, साक्षी व्हायच्या. मग निवाडपत्र किंवा महजर तयार व्हायचा. हरलेला माणूस 'यजितखत' लिहून द्यायचा, म्हणजे मी हरलो असं स्वतःच्या हाताने कबूल करायचा. (आज असं कोणी लिहून देईल का?) तारापूरचा किल्ला १७३९ साली चिमाजी अप्पांच्या मोहिमेत पोर्तुगीजांकडून मराठ्यांनी घेतला, म्हणजे आपल्या किनाऱ्यालाही ही दफ्तरी मराठी चांगलीच जुनी.

शिवाजी महाराजांनी राजव्यवहारकोश करवून फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. तरीही फिर्याद, दावा, जामीन, कैफियत आजही कोर्टात ठाण मांडून आहेत. फौजदारीत फिर्यादी आणि आरोपी, दिवाणीत वादी आणि प्रतिवादी, आणि प्रतिवादीचं लेखी म्हणणं म्हणजे कैफियत. इथपर्यंत सोपं आहे.

गडबड होते ती १८९४ च्या भूसंपादन कायद्यात. जमिनीची किंमत ठरवणाऱ्या कलेक्टरच्या 'अवॉर्ड'ला मराठीत म्हणतात निवाडा! शब्द गोतसभेचा, पण इथे जमीन घेणारं सरकार आणि किंमत लावणारा सरकारचाच अधिकारी. १९०५ साली कलकत्त्याच्या एझ्रा खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने सांगितलं की हा निवाडा म्हणजे न्यायनिर्णय नाहीच, सरकारने ठेवलेला प्रस्ताव आहे.

प्रस्ताव असेल तर नाही म्हणता येतं. पण कसं? पैसे घेताना 'निषेध नोंदवून' असं लिहायचं, आणि कलम १८ खाली प्रकरण कोर्टात पाठवा असा अर्ज करायचा. निवाड्याच्या वेळी तुम्ही हजर असाल तर मुदत फक्त सहा आठवडे. निषेध न नोंदवता पैसे घेतले की कलम १८ चा रस्ता बंद. 'निवाडा' वाचून "आता काय उरलं" म्हणणाऱ्या माणसाला हे कोण सांगणार? मला या शब्दाचा रागच येतो.

आपल्याकडे हे पुस्तकी नाही. तारापूरच्या ३ आणि ४ क्रमांकाच्या अणुभट्ट्यांसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावं उठली. आता बुलेट ट्रेनचं एक स्टेशन बोईसरला होतंय. १ जानेवारी २०१४ पासून कायदा नवा आहे, मोबदल्याचे नियम बदललेत, पण कागदावर शब्द तोच: निवाडा.

ईकोर्ट्स ॲपवालेही ऐका. सीएनआर नंबर टाकल्यावर 'डिस्पोज्ड' दिसलं म्हणजे जिंकलो असं नाही. निकाली निघालं, एवढंच. तारखेला कोणी गेलं नाही म्हणून फेटाळलेला दावाही निकालीच. खाली 'नेचर ऑफ डिस्पोजल' वाचा, मग ऑर्डर उघडा.

मामाच्या पावतीवर नुसती सही आहे. अशांसाठी १९८४ साली कलम २८-अ आलं: त्याच अधिसूचनेतल्या शेजाऱ्याला कोर्टाने वाढीव मोबदला दिला, तर त्या निकालापासून तीन महिन्यांत तुम्हीही मागू शकता, निषेध नोंदवलेला असो वा नसो. शेजाऱ्याला वाढीव मिळालंही होतं. मामाला ते कळलं एका लग्नात, दोन वर्षांनी.