पचमढीची शांतता

पिपरियाच्या स्थानकावर उतरून दक्षिणेची वाट धरली, की सुमारे ५० किलोमीटरच्या प्रवासात सृष्टीचे रूप हळूहळू पालटू लागते. नर्मदाखोऱ्यातील सपाट शेते मागे पडतात, देनवा नदीच्या खोल दऱ्या दिसू लागतात, आणि सागाच्या सोबतीला सालवृक्षांच्या रांगा उभ्या राहतात. समुद्रसपाटीपासून सुमारे १०६७ मीटर उंचीवरील पचमढीच्या पठारावर प्रवासी पोहोचतो, तेव्हा त्याच्या मनावर पहिला ठसा उमटतो तो शांततेचा. रुंद रस्ते, कौलारू बंगले, १८७५ साली बांधलेले क्राइस्ट चर्च, १८९२ सालचे कॅथलिक देवालय आणि लष्करी छावणीची शिस्त! येथे कधी काही घडले असेल, असे पाहणाऱ्यास वाटतही नाही.

तथापि ही शांतता निसर्गाने जितकी दिली आहे, तितकीच ती इतिहासाने घडविली आहे.

पचमढीचा ‘शोध’ कॅप्टन जेम्स फॉर्सिथ याने लावला, असे सर्वत्र सांगितले जाते. १८६१ साली मध्यप्रांताची स्थापना झाली. नव्या प्रांतातील जंगलांची पाहणी करण्यासाठी फॉर्सिथ १८६२ मध्ये या पठारावर आला आणि त्याने ‘बायसन लॉज’ नावाचा बंगला बांधला. पुढे १८७१ साली, त्याच्या मृत्यूच्याच वर्षी, मध्य भारताच्या डोंगराळ प्रदेशावरील त्याचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. परंतु शोध लागावा असे हे स्थळ अज्ञात होते काय? स्वतः फॉर्सिथच्याच ग्रंथात येथील कोरकू ठाकूर भेटतो. त्याच्या माणसांनी आरंभी साहेबाकडे संशयाने पाहिले आणि अखेर त्यांच्याच मदतीने तो बंगला उभा राहिला.

त्या संशयाचे कारण शोधण्यास फार मागे जावे लागत नाही. १८५८ च्या ऑक्टोबरअखेर तात्या टोपे इंग्रजांच्या अनेक तुकड्यांना चुकवीत नर्मदा उतरून दक्षिणेस आले. नागपूरकडे जाऊन दक्षिणेत बंडाचा वणवा पेटवावा, हा त्यांचा हेतू होता. त्या धावपळीत याच महादेव डोंगरांनी त्यांना आसरा दिला आणि हर्राकोटचे कोरकू जहागीरदार राजा भभूतसिंग त्यांच्या पाठीशी उभे राहिले. तात्या पुढे मुलताईमार्गे पश्चिमेस वळले व खानदेशाच्या सीमेवरून छोटा उदेपूरपर्यंत गेले. १८ एप्रिल १८५९ रोजी शिवपुरी येथे त्यांना फाशी देण्यात आले. भभूतसिंगांनी मात्र डोंगर सोडला नाही. रानातील प्रत्येक घळ ठाऊक असलेल्या सोबत्यांसह ते लढत राहिले. १८६० साली ते पकडले गेले व त्यांना देहदंड झाला. त्यानंतर अवघ्या दोन वर्षांनी फॉर्सिथचा बंगला बांधला गेला, हे ध्यानात घेतले म्हणजे या शांततेचा अर्थ निराळा वाटू लागतो.

बंदुकीने जे साधले, ते पुढे कायद्याने पक्के केले. रेल्वेला रुळांखाली घालण्यासाठी लाकूड हवे होते. १८६५ साली पचमढीजवळचे बोरीचे जंगल राखीव झाले. देशातील अगदी आरंभीच्या राखीव जंगलांत त्याची गणना होते. झाडे तोडून, जाळून, त्यांच्या राखेत बी टाकण्याची कोरकूंची फिरती शेती सरकारच्या डोळ्यांत खुपू लागली. फॉर्सिथने वाचविलेली वनराई आज डोळे निववते, हे खरे. परंतु त्याच वनराईत पिढ्यान्‌पिढ्या राहणारा माणूस आपल्याच रानात परका झाला, हेही तितकेच खरे.

१८७० साली मुंबई ते जबलपूर लोहमार्ग पुरा झाला आणि पिपरियाहून पचमढी जवळ आली. उन्हाळा सुरू झाला, की नागपूरचे सरकार येथे येऊ लागले. मराठी राजकारणातील एक गाजलेला प्रसंगही येथेच घडला. १९३८ च्या मे महिन्यात मध्यप्रांताचे पंतप्रधान डॉ. नारायण भास्कर खरे यांच्या मंत्रिमंडळातील तंटा मिटविण्यासाठी काँग्रेसश्रेष्ठी पचमढीस जमले व समेट झाला. दोन महिन्यांतच तो मोडला आणि डॉ. खरे यांना पद सोडावे लागले. थंड हवेने राजकारण थंड होत नाही, हेच खरे!

विदर्भातील सामान्य माणसाची पचमढी मात्र याहून वेगळी आहे. महाशिवरात्रीस चौरागडावर जड त्रिशूळ खांद्यावर वाहून नेणारा आणि नागपंचमीच्या सुमारास नागद्वारीच्या निसरड्या वाटा तुडविणारा यात्रेकरू साहेबाच्या बंगल्यासाठी येत नाही. त्याच्या लेखी हे महादेवाचे डोंगर आहेत. मेळघाटातील कोरकू आणि येथील कोरकू यांची भाषाही एकच. ती संथाळी-मुंडारीच्या कुळातली आहे. येथील खडकांवरील प्राचीन चित्रे तर या साऱ्यांहून जुनी होत.

काळ पालटला, तशी नावेही पालटली. फॉर्सिथ पॉइंट प्रियदर्शिनी झाला. फेअरी पूल अप्सराविहार झाला. १९९९ साली हा प्रदेश जीवावरण राखीव क्षेत्र ठरला. वाघांसाठी सातपुडा व्याघ्रप्रकल्पातील अनेक गावे या शतकात बाहेर हलविण्यात आली. त्यांत कोरकूंची गावेही होती. ३ जून २०२५ रोजी मध्यप्रदेशाच्या मंत्रिमंडळाने राजा भभूतसिंगांच्या स्मरणार्थ आपली बैठक पचमढीत भरविली. नावाचा मान मिळाला, हे योग्यच झाले. त्यांच्या वंशबांधवांना रानावरचा हक्क किती मिळाला, हा प्रश्न उरतोच.

मृतांच्या स्मरणार्थ लाकडी फळी कोरून झाडाखाली ठेवण्याची कोरकूंची जुनी चाल आहे. इंग्रजांच्या थडग्यांवरील दगडी अक्षरे आजही वाचता येतात; लाकूड मात्र ऊनपावसात झिजून जाते. धूपगडाच्या १३५२ मीटर उंच माथ्यावरून सूर्यास्त पाहणाऱ्याने दगडावर लिहिलेला इतिहास अवश्य वाचावा. परंतु लाकडावर लिहिलेला आणि झिजून गेलेला इतिहासही क्षणभर आठवावा. पचमढीच्या शांततेचा खरा मान त्यातच आहे.