मालिका चुकली? मोबाईलवर अशी बघा. पण आधी डेटा आणि ऑटोपेचं गणित समजून घ्या

सातारा : संध्याकाळी साडेसात-आठची वेळ आणि नेमकी लाईट जाते. किंवा रात्रपाळीची लाईट आली म्हणून मोटर चालू करायला शेतात जावं लागतं. परत येईपर्यंत मालिका संपलेली असते आणि "काय झालं गं आज?" हे शेजारी विचारावं लागतं. आता चुकलेला भाग मोबाईलवर बघता येतो, हे घराघरात माहीत झालंय. पण कुठला चॅनल कुठल्या अॅपवर, डेटा किती जातो आणि खात्यातून पैसे कसे कटतात, याबद्दल अजून बराच गोंधळ आहे. म्हणून ही माहिती एकत्र देत आहोत.

कुठला चॅनल कुठल्या अॅपवर?

प्रत्येक चॅनलच्या कंपनीचं अॅप वेगळं आहे. एकाच अॅपवर सगळ्या मालिका मिळत नाहीत.

• झी मराठी, झी युवा : झी फाईव्ह
• स्टार प्रवाह : जिओहॉटस्टार
• कलर्स मराठी : जिओहॉटस्टार
• सोनी मराठी : सोनी लिव्ह
• सन मराठी : सन नेक्स्ट
• डीडी सह्याद्री : प्रसार भारतीचं वेव्हज

जिओसिनेमा आणि डिस्ने प्लस हॉटस्टार ही दोन अॅप फेब्रुवारी २०२५ मध्ये एक झाली आणि जिओहॉटस्टार तयार झालं. त्यामुळे कुणी अजून 'जिओसिनेमा टाक' म्हणत असेल तर ती माहिती जुनी आहे.

वेव्हज हे सरकारी प्रसारण संस्थेचं अॅप. २० नोव्हेंबर २०२४ रोजी गोव्यातल्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात ते सुरू झालं. दूरदर्शनचे चॅनल, आकाशवाणी आणि मराठीसह अनेक भाषांतले कार्यक्रम त्यावर आहेत. नोंदणी मोफत आहे आणि बऱ्याच गोष्टी फुकट बघता येतात. ज्यांना बातम्या आणि जुने दूरदर्शनचे कार्यक्रम पुरेसे आहेत त्यांनी आधी हेच टाकून बघावं.

'लाईव्ह' वेगळं, 'एपिसोड' वेगळं

लाईव्ह म्हणजे आत्ता टीव्हीवर जे चालू आहे तेच. ते टीव्हीपेक्षा थोडं मागून येतं. मॅचच्या वेळी शेजारच्या घरात आधी आरडाओरडा होतो आणि आपल्या मोबाईलवर विकेट नंतर पडते, ती यामुळेच.

एपिसोड म्हणजे चुकलेला भाग. अॅप उघडून वरच्या शोध खिडकीत मालिकेचं नाव मराठीत किंवा इंग्रजीत टाका, तारखेप्रमाणे भाग दिसतात. भागावर मुकुट, कुलूप किंवा 'प्रीमियम' असं दिसलं तर तो पैसे भरल्याशिवाय उघडत नाही. काही अॅपवर टीव्हीच्या आधी भाग दाखवतात, तो बहुतेक वेळा पैसे भरणाऱ्यांसाठीच असतो. फुकटात बघायचं तर जाहिराती बघाव्या लागतात, आणि त्या जाहिरातींनाही आपलाच डेटा जातो.

संपलेल्या मालिकाही मिळतात. आपल्याच जिल्ह्यात चित्रित झालेली, फौजीच्या घरची गोष्ट सांगणारी 'लागिरं झालं जी' २०१९ मध्ये संपली, पण झी फाईव्हवर शोधता येते.

डेटा किती जातो?

हिशोब सोपा आहे. सेकंदाला १ मेगाबिट वेगाने व्हिडिओ आला तर तासाला ४५० एमबी जातात. त्यावरून साधारण अंदाज असा, अॅपप्रमाणे थोडं कमी-जास्त होतं :

• कमी दर्जा (३६०पी) : तासाला ३०० एमबीच्या आसपास
• मध्यम दर्जा (४८०पी) : तासाला ४५० ते ७०० एमबी
• एचडी (७२०पी) : तासाला १ जीबीच्या आसपास
• फुल एचडी (१०८०पी) : तासाला २ जीबीच्या आसपास

जाहिराती सोडल्या तर मालिकेचा भाग २०-२२ मिनिटांचा असतो. म्हणजे रोज दीड जीबीचा रिचार्ज असेल तर फुल एचडीत दोन भाग बघेपर्यंत डेटा संपतो. तोच मध्यम दर्जावर सहा भागांना पुरतो. पाच-सहा इंचांच्या स्क्रीनवर या दोन्हींत डोळ्याला फारसा फरक जाणवत नाही. तेव्हा व्हिडिओ चालू असताना स्क्रीनवर बोट लावा, सेटिंगच्या चाकावर जा आणि 'ऑटो' काढून मध्यम किंवा 'डेटा सेव्हर' ठेवा. ऑटोवर असलं की रेंज चांगली मिळताच अॅप आपोआप दर्जा वाढवतं आणि डेटा भराभर जातो.

रोजचा डेटा संपला की बऱ्याच प्लॅनमध्ये वेग ६४ केबीपीएसवर येतो. त्या वेगात व्हॉट्सअॅपचा मेसेज जातो, व्हिडिओ चालत नाही. अॅप खराब झालंय असं समजून ते काढून परत टाकायच्या भानगडीत पडू नका, आधी डेटा शिल्लक आहे का ते बघा.

रेंज नसलेल्या वाडीवर काय करायचं?

पाटण, जावळी, महाबळेश्वर भागातल्या डोंगरातल्या वाड्यांवर रेंज येते-जाते. लाईट बराच वेळ गेली की टॉवरची बॅटरी उतरते आणि होती ती रेंजही जाते. अशा ठिकाणी 'डाउनलोड' कामाला येतं. बाजाराच्या दिवशी तालुक्याला गेल्यावर, किंवा वायफाय असलेल्या घरी, भाग अॅपमध्येच उतरवून घ्या. मग घरी रेंज नसतानाही बघता येतो. मात्र प्रत्येक भागाला ही सोय नसते, काही अॅपवर ती फक्त पैसे भरणाऱ्यांना असते, आणि उतरवलेला भाग काही दिवसांनी आपोआप बंद होतो. तो गॅलरीत दिसत नाही, दुसऱ्याला पाठवताही येत नाही.

पैसे भरायच्या आधी

पहिलं, आपल्या रिचार्जमध्ये एखादं अॅप फुकट आहे का ते बघा. सिम कंपनीच्या अॅपमध्ये 'माझा प्लॅन' उघडला की कळतं. असेल तर त्याच नंबरने लॉगिन करावं लागतं.

दुसरं, 'मोबाईल प्लॅन' स्वस्त असतो पण तो सहसा मोबाईलपुरताच. घरच्या टीव्हीवर तो चालेलच असं नाही. मुंबईतल्या पोराचं लॉगिन गावाकडे वापरता येतं, पण एकावेळी किती मोबाईलवर चालेल याला मर्यादा असते. तो तिकडे बघत असेल तर आपल्याकडे बंद पडू शकतं.

तिसरं आणि सगळ्यात महत्त्वाचं, ऑटोपे. '१ रुपयात ट्रायल' दिसलं की आपण यूपीआय पिन टाकतो. पण अनेकदा तो पिन एका रुपयासाठी नसतो, पुढे दर महिन्याला किंवा वर्षाला पैसे कापायची ती परवानगी असते. पिन टाकायच्या आधी स्क्रीनवर रक्कम, किती दिवसांनी आणि कधीपर्यंत हे तिन्ही वाचा. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे असे पैसे कापायच्या किमान २४ तास आधी सूचना यायला हवी. तो मेसेज जाहिरात समजून पुसू नका.

मोबाईलमधून अॅप काढून टाकलं म्हणजे ऑटोपे बंद झालं, असं होत नाही. आपल्या यूपीआय अॅपमध्ये 'ऑटोपे' किंवा 'मँडेट' उघडा, चालू असलेली यादी दिसेल, नको ते रद्द करा. म्हाताऱ्या माणसांच्या खात्यात पेन्शन किंवा अनुदान येतं, त्यांच्या मोबाईलवर ही यादी घरच्या पोरांनी महिन्यातून एकदा तरी बघावी.

'सगळे चॅनल फुकट'वाली लिंक उघडू नका

व्हॉट्सअॅप ग्रुपवर 'सगळे चॅनल मोफत' म्हणून एपीके फाईल फिरते. ती टाकली की मेसेज, संपर्क वाचायची परवानगी मागते, आणि मग ओटीपी परस्पर तिसऱ्याच्या हातात जातो. अॅप फक्त प्ले स्टोअरवरूनच घ्या आणि नावाखाली कंपनीचं नाव बघून घ्या. कस्टमर केअरचा नंबर गुगलवर शोधू नका, अॅपमधल्या 'मदत'मधूनच संपर्क करा. ओटीपी कुणालाच सांगू नका.

चुकून पैसे गेलेच तर लाज वाटून गप्प बसू नका. लगेच १९३० या हेल्पलाईनवर फोन करा आणि बँकेलाही कळवा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम अडवता येण्याची शक्यता जास्त. चुकलेला भाग उद्याही बघता येतो, खात्यातून गेलेले पैसे परत मिळवायला मात्र हेलपाटे मारावे लागतात.