डिजिटल कथाकथन आणि ई-पोर्टफोलिओ

आपण काय शिकलो आणि कसे शिकलो, याचा शिकणाऱ्याने स्वतःच विचार करावा यासाठी वापरली जाणारी दोन शैक्षणिक साधने. डिजिटल कथाकथनात स्वतःच्या आवाजातील निवेदन, छायाचित्रे आणि थोडे संगीत जोडून दोन-तीन मिनिटांची चित्रफीत तयार करतात. ई-पोर्टफोलिओ ही विद्यार्थ्याने निवडलेल्या कामाची संगणकीय संचिका. निवडीची कारणेही तिच्यात नोंदवलेली असतात. दोन्हींमागील विचार जुना आहे. विचारपूर्वक चिंतनाची सवय लावणे हे शिक्षणाचे काम आहे, ही भूमिका जॉन ड्यूई यांनी १९१० मध्ये ‘हाऊ वी थिंक’मध्ये मांडली. डोनाल्ड शॉन यांनी ‘द रिफ्लेक्टिव्ह प्रॅक्टिशनर’ (१९८३) या ग्रंथात तिला व्यावसायिकांच्या रोजच्या कामाशी जोडले.

डिजिटल कथाकथनाचा उगम मात्र वर्गात नव्हे, रंगमंचावर झाला. डेना अ‍ॅचली हे अमेरिकन कलावंत ‘नेक्स्ट एक्झिट’ या प्रयोगात पडद्यावर पेटलेल्या शेकोटीशेजारी बसून आयुष्यातले प्रसंग सांगत. त्यांनी जो लॅम्बर्ट व नीना म्युलन यांच्यासह १९९४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत केंद्र सुरू केले. पुढे बर्कलीत गेलेली ही संस्था २०१५ पासून ‘स्टोरीसेंटर’ या नावाने ओळखली जाते. तिच्या कार्यशाळेचा गाभा म्हणजे कथावर्तुळ. संगणकाला हात लावण्याआधी प्रत्येकाने आपला कच्चा मजकूर गोल बसलेल्यांना ऐकवायचा. खरे चिंतन इथेच घडते. संकलनाचे सॉफ्टवेअर दुय्यम. समजा, बी.एड.च्या विद्यार्थिनीने अपूर्णांकाच्या पाठाबद्दल ‘पाठ चांगला झाला’ असे लिहिले. ‘कशावरून?’ असे कुणी विचारले, की मागच्या बाकावरचा गप्प मुलगा तिला आठवतो आणि कथा त्याची होते. अडीचशे-तीनशे शब्दांत सगळे बसवायचे असल्याने काय गाळायचे, हेही तिलाच ठरवावे लागते.

ही दोन साधने एकत्र आणण्याचे श्रेय मुख्यत्वे अलास्का विद्यापीठाच्या हेलन बॅरेट यांना जाते. त्यांच्या मते ई-पोर्टफोलिओला दोन बाजू असतात : शिकण्याची कार्यशाळा आणि कामाचे प्रदर्शन. संस्थांचा ओढा साहजिकच दुसऱ्या बाजूकडे असतो. चिंतनाला गुण मिळू लागले, की विद्यार्थी परीक्षकाला आवडेल असा पश्चात्ताप आणि तशीच प्रगती लिहायला शिकतात. निवडीचे कारण नसलेली संचिका तर नुसते कपाटच.

महाराष्ट्रातील शिक्षकांना संचिका नवी नाही. २०१० पासूनच्या सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनात तिला स्थान मिळाले. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या नियमांनी बी.एड. दोन वर्षांचे झाले आणि ‘स्व’ची ओळख व माहिती तंत्रज्ञान हे विषय अभ्यासक्रमात आले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातील प्रगतिपत्रकात स्वमूल्यमापनही आहे. तरी सराव पाठांच्या फायली सजवण्याची आणि उतरवून काढण्याची रीत जुनी व चिवट आहे; ती संगणकावर आणल्याने आपोआप सुटत नाही. ध्वनिमुद्रित निवेदन मात्र उतरवून काढायला अवघड.

वर्गातील मुलांची छायाचित्रे वापरताना पालकांची संमती घ्यावी लागते आणि कथा कुणाला दाखवायची, हे सांगणाऱ्यानेच ठरवायचे असते. न्यूझीलंडमध्ये २००६ मध्ये सुरू झालेल्या ‘माहारा’ या मुक्तस्रोत ई-पोर्टफोलिओ प्रणालीत पानागणिक प्रेक्षक ठरवता येतात. अभ्यासक्रम संपल्यावर सगळी संचिका उतरवून घेऊन आपल्याजवळ ठेवण्याची सोयही तिच्यात आहे.