सेवाग्रामच्या झोपडीतले येशूचे चित्र

जून १९४२ मध्ये अमेरिकन पत्रकार लुई फिशर आठवडाभर सेवाग्रामला राहिले. गांधीजींच्या मातीच्या झोपडीत भिंतीवर एकच चित्र होते, येशू ख्रिस्ताचे. त्यावर येशूला शांती म्हणणारे बायबलचे वचन होते. तुम्ही तर ख्रिश्चन नाही, असे फिशर म्हणाले, तेव्हा गांधीजींनी आपण ख्रिश्चन, हिंदू, मुसलमान आणि यहुदीही आहोत असे उत्तर दिले.

ते वचन बायबलमधल्या इफिसकरांच्या पत्रातले. यहुदी आणि इतर लोक यांच्यामधली वैराची भिंत ख्रिस्ताने पाडली, असे तिथे म्हटले आहे. तारणारा ख्रिस्त विजयी आहे, ही ख्रिस्ती धर्मशास्त्रातली फार जुनी कल्पना. दुसऱ्या शतकातल्या इरेनियसच्या लिखाणातही ती आहे. क्रुसावर पाप, मृत्यू आणि सैतान हरले, आणि पुनरुत्थान ही त्या विजयाची खूण. पुढे अकराव्या शतकाच्या अखेरीस अँसेल्मने येशूचे मरण हे माणसाच्या अपराधाची भरपाई म्हणून मांडले. १९३० साली स्वीडनच्या गुस्ताफ औलेन यांनी विजयाची जुनी कल्पना पुन्हा पुढे आणली.

या विजयाचा अर्थ मात्र बदलत गेला. चौथ्या शतकात रोमचा सम्राट कॉन्स्टंटाईन याच्या फौजेने ख्रिस्ताचे चिन्ह मिरवले. सैतानावरचा विजय मग शेजारच्या राजावरचा विजय झाला. धर्माचे नाव घेऊन राज्ये जिंकणारे आपल्याकडेही झाले, हे विसरून चालणार नाही.

येशू हाच एकमेव तारणारा, हे गांधीजींनी कधी मानले नाही. तरी डिसेंबर १९३१ मध्ये रोमला क्रुसावरची मूर्ती पाहून ते हेलावले होते. वर्ध्याच्या मगनवाडीत ग्रामोद्योगाचे काम करणारे जे. सी. कुमारप्पा श्रद्धावान ख्रिस्ती होते. बेचाळीसच्या लढ्यातल्या तुरुंगवासात त्यांनी येशूच्या शिकवणीवर पुस्तक लिहिले. येशूची शिकवण रोजच्या व्यवहारात उतरली पाहिजे, हा त्यांचा आग्रह.

आपण मुसलमान हजरत ईसा अलैहिस्सलाम यांना अल्लाहचे पैगंबर मानतो. सूरह निसा (१५७-१५८) सांगते की त्यांना ठार केले गेले नाही, सुळावरही दिले गेले नाही. अल्लाहने त्यांना आपल्याकडे उचलून घेतले. एकाच्या पापाचे ओझे दुसरा वाहत नाही, हेही कुरआनने स्पष्ट केले आहे. म्हणून क्रुसावरचे तारण आपल्या अकीद्यात बसत नाही.

सर्वधर्मसमभावाच्या भाषणात हा फरक झाकला जातो. झाकण्याची गरज नाही. शेजाऱ्याची श्रद्धा आपल्याला मान्य नसली तरी ती त्याच्या शब्दांत नीट समजून घेता येते. कोणी धर्माच्या विजयाची घोषणा दिली की एकच विचारावे, यात हरणार कोण? वैर हरणार असेल, तर त्या विजयात आपल्यालाही जागा आहे. शेजारी हरणार असेल, तर तो विजय ना ईसांचा, ना इस्लामचा.