फादर ब्राऊन यांची पेटी



या महोत्सवाच्या स्मरणिकेकरितां आपापल्या घरचीं जुनीं छायाचित्रें आणून द्यावीं, अशी विनंती मीं गेल्या वर्षीं वेदीजवळून केली, तेव्हां फार तर दहापांच चित्रें हातीं लागतील अशी माझी अटकळ होती. प्रत्यक्षांत बिस्किटांचे डबे, कपाटांचे खण आणि प्रार्थनापुस्तकांचीं पानें यांतून इतकीं चित्रें बाहेर पडलीं कीं माझ्या घरांतील मेज महिनाभर जेवणाच्या कामीं आलें नाहीं. त्यांत धंदेवाईक छायाचित्रकारांचें काम थोडें. बाकी सारीं हौशी हातांनीं टिपलेलीं. कांहीं शाळामास्तरांनीं काढलेलीं, कांहीं आखातांतून सुटीवर आलेल्या मुलांनीं. प्रत्येक जण आपलें आवडतें चित्र वर काढून मोठ्या प्रेमानें दाखवी. मी तें उलटून पाहीं, तों पाठ बहुधा कोरी असे.

हौशी माणसाकडे पाहण्याची आपली दृष्टि थोडी कौतुकाची व थोडी थट्टेची असते. परंतु छायाचित्रणाच्या कलेवर या मंडळीचे उपकार मोठे आहेत. आपल्या मुंबईंतच १८५४ सालीं छायाचित्रकारांची एक सोसायटी स्थापन झाली, आणि १८५६ पासून तिच्या आश्रयानें हौशी छायाचित्रकारांचा एक चित्रसंग्रह निघूं लागला. छापखान्यांत छायाचित्र छापण्याची सोय त्या काळीं नव्हती. म्हणून प्रत्येक अंकांत कागदावर उतरविलेलीं खरींखुरीं चित्रेंच चिकटवून वर्गणीदारांस पाठवीत. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधु डॉ. नारायण दाजी हेही त्या सोसायटींतील एक होते. आपणांस आवडलेलें चित्र चार लोकांनीं पाहावें, ही इच्छा या कलेइतकीच जुनी आहे.

मला मात्र आज सांगावयाची आहे ती हकीगत एका हौशी धर्मगुरूची. फ्रान्सिस ब्राऊन यांचा जन्म आयर्लंडांतील कॉर्क शहरीं ३ जानेवारी १८८० रोजीं झाला. थोड्याच दिवसांत आई निवर्तली. बालपणींच वडीलही बुडून मरण पावले. मुलाकडे लक्ष पुरविलें तें चुलत्यांनीं. हे चुलते क्लॉइनचे बिशप होते. १८९७ सालीं त्यांनीं पुतण्यास एक कॅमेरा भेट दिला, आणि त्याच वर्षीं पुतण्यानें येशूसंघांत प्रवेश केला. कॅमेरा व झगा असे दोन्ही एका वर्षांत अंगीं लागले ते जन्मभर सुटले नाहींत. १९०९ सालीं रोमला गेले असतां दहावे पायस पोपमहाराज यांचें छायाचित्र काढण्याची परवानगीही या तरुणानें मिळविली.

१९१२ च्या एप्रिल महिन्यांत चुलत्यांनीं आणखी एक भेट दिली. टायटॅनिक आगबोटीचें तें तिकीट होतें. साउथॅम्प्टनहून शेरबूरमार्गें आयर्लंडांतील क्वीन्सटाऊन बंदरापर्यंतचें. ब्राऊन यांस अद्याप गुरुदीक्षा मिळाली नव्हती. १० एप्रिल रोजीं ते बोटीवर चढले आणि जें दिसेल तें टिपूं लागले. डेकवर सहा वर्षांचा एक मुलगा भोंवरा फिरवीत आहे. व्यायामशाळेंतील शिक्षक आपल्या यंत्रावर बसला आहे. बिनतारी संदेशाच्या खोलींत तरुण तारयंत्री पाठमोरा काम करीत आहे. या शेवटच्या चित्रावर चुकून दोनदां प्रकाश पडला. कोणताही धंदेवाईक मनुष्य तें टाकून देता. पण त्या बोटीवरील बिनतारी खोलीचें दुसरें चित्रच कोठें नाहीं. जें आहे तें हें सदोषच.

भोजनाच्या मेजावर एका श्रीमंत अमेरिकन दांपत्याशीं त्यांचा स्नेह जमला. आमच्याबरोबर न्यूयॉर्कपर्यंत चला, भाडें आम्ही भरतों, असें त्यांनीं सुचविलें. परवानगीकरितां ब्राऊन यांनीं येशूसंघाच्या प्रांताधिकाऱ्यांस बिनतारी संदेश धाडला. क्वीन्सटाऊनला उत्तर तयार होतें. त्या बोटीवरून उतरा, एवढाच मजकूर व खालीं प्रांताधिकारी अशी सही. कारण नाहीं, उपदेश नाहीं. ११ एप्रिल रोजीं ते उतरले. आज्ञापालनाच्या व्रतावर सेमिनरींत मीं पुष्कळ प्रवचनें ऐकलीं. इतकें आटोपशीर एकही आठवत नाहीं. तो तारेचा कागद ब्राऊन यांनीं मरेपर्यंत जवळ बाळगिला.

१४ एप्रिलच्या रात्रीं बोट हिमनगावर आदळली आणि पहाटेपूर्वीं बुडाली. दीड हजारांहून अधिक माणसें गेलीं. त्यांत फादर थॉमस बाइल्स नांवाचे एक इंग्रज धर्मगुरू होते. शेवटच्या घटकेपर्यंत ते लोकांची पापनिवेदनें ऐकत व त्यांजबरोबर प्रार्थना करीत राहिले. भोंवरा फिरविणारा मुलगा वाचला. व्यायामशिक्षक वाचला नाहीं. हौसेखातर काढलेलीं ब्राऊन यांचीं तीं चित्रें देशोदेशींच्या वर्तमानपत्रांत छापून आलीं, आणि पुढें जादूच्या कंदिलाच्या साहाय्यानें पडद्यावर दाखवून ते त्या बोटीवर व्याख्यानें देत.

१९१५ सालीं चुलत्यांच्याच हस्तें त्यांस गुरुदीक्षा मिळाली. पहिल्या महायुद्धांत ते आयरिश गार्ड्स पलटणीचे धर्मगुरू होते. अनेकदां जखमी झाले, विषारी वायूनेंही त्यांस गाठलें. तेथेंही कॅमेरा होताच. युद्ध संपल्यावर त्यांनीं आपल्या निवडक चित्रांचा एक संग्रह करून त्याच्या प्रती पलटणींतील सोबत्यांस वांटल्या. मला त्यांच्या चरित्रांतील हा प्रसंग टायटॅनिकहून अधिक आवडतो. मेलेल्या मित्रांचीं तोंडें ज्यांस पुन्हां पाहावयाचीं होतीं, त्यांच्याच हातीं तीं चित्रें पडलीं. पुढें प्रकृतीसाठीं ते १९२४ सालीं ऑस्ट्रेलियाला गेले व परततांना सिलोनवरून आले. मग आयर्लंडभर मिशनचीं प्रवचनें देत ते गांवोगांव फिरले आणि लोहार, कोळी, बाजारांतल्या बाया, शाळेचीं पोरें यांचीं चित्रें काढीत राहिले. ७ जुलै १९६० रोजीं डब्लिन येथें त्यांनीं देह ठेविला.

येथें खरी चिंतेची गोष्ट येते. त्यांच्या सर्व नेगेटिव्ह एका पेटींत घालून संघाच्या घरांत ठेविल्या होत्या, आणि पंचवीस वर्षें त्या पेटीकडे कोणी पाहिलें नाहीं. १९८५ सालीं फादर ओडॉनेल या येशूसंघीयांस ती अकस्मात् सांपडली. आंत सुमारें ४२,००० नेगेटिव्ह होत्या! जुनी फिल्म नायट्रेटची असे. ती चटकन् पेट घेते, आणि तशीच पडून राहिली तर आधीं पिवळी पडते, मग चिकट होते व अखेरीस तिची भुकटी होते. ब्राऊन यांच्या पुष्कळ फिल्मा त्याच वाटेला लागल्या होत्या. तज्ज्ञांनीं त्यांवरून टिकाऊ फिल्मवर प्रती उतरवून घेतल्या, म्हणून तीं चित्रें पुस्तकरूपानें जगापुढें आलीं. आणखी एक गोष्ट त्यांच्या उपयोगीं पडली. फादर ब्राऊन स्थळ व तारीख यांची नोंद ठेवीत.

माझें तसें नाहीं, हें मोकळेपणानें सांगतों. सेमिनरीच्या दिवसांत उसन्या कॅमेऱ्यानें मींही पुष्कळ चित्रें काढलीं. गुरुजन, सोबती, आंब्याखालचा वर्ग, सारें त्यांत होतें. नेगेटिव्हांचा डबा माळ्यावर टाकला. तीन पावसाळ्यांनंतर उघडला तेव्हां आंत एकच चिकटलेला गोळा होता. त्या सोबत्यांपैकीं दोघे आतां हयात नाहींत. आतां प्रत्येकाच्या खिशांत कॅमेरा आहे व एका लग्नाचीं हजार चित्रें निघतात, तरी त्यांतील किती पाहुण्यांचीं नांवें वीस वर्षांनीं सांगतां येतील?

आमच्या मेजावरील एका चित्रांत पांढऱ्या पोशाखांतलीं चौदा मुलें पहिल्या कोम्युन्यनच्या दिवशीं जुन्या चर्चच्या पायऱ्यांवर उभीं आहेत. कोणीं काढलें ठाऊक नाहीं. कॅमेरा थोडा तिरपा धरला होता, हें दिसतें. गांवांतील वृद्ध मंडळींनीं चष्मे पुसून पुसून नऊ नांवें सांगितलीं. पांच राहिलीं. तें चित्र मोठें करून चर्चच्या ओसरीवर मांडलें आहे, आणि शेजारीं दोरीला पेन्सिल बांधून ठेविली आहे.